शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी प्रार्थना : जूनपासून निकालानंतरच्या सोमवारपर्यंत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी मंडळीत पास झालेल्या मुलांना पुढे बोलावलं होतं. नावं वाचायचं काम माझ्याकडे होतं. अकरा मुलं पुढे आली, पेढे वाटले गेले, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बारावा मुलगा शेवटच्या बाकावर आईशेजारी बसला होता. त्याचे गणित आणि इंग्रजी हे दोन विषय राहिले होते. त्याचं नाव माझ्या कागदावर नव्हतं. उपासना संपल्यावर तो दारात मला "जय ख्रिस्त, बाई" म्हणाला आणि निघून गेला. पुढचे सात महिने तो मंडळीत आला नाही. त्याची आई यायची. ती कधी काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच मुलासाठी आम्ही फेब्रुवारीत महिनाभर प्रार्थना केली होती. पेपर झाले आणि आमची प्रार्थनाही थांबली. खरी गरज मात्र त्याला त्यानंतरच होती.

अहिल्यानगर जिल्ह्यात मी एकोणतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. त्या रविवारनंतर आम्ही पाच-सहा जणांनी शिक्षणासाठी प्रार्थना करण्याची एक पद्धत हळूहळू बसवली. चुकत चुकत बसवली. ती इथे क्रमाने देते. मोठी मंडळी असो, चार घरांची असो, किंवा तुम्ही आपल्या गावात एकटेच ख्रिस्ती शिक्षक असाल, यातलं काही ना काही तुमच्या उपयोगी पडेल.

पायरी पहिली : आपण कसली आशा धरतो आहोत ते आधी ठरवा

परीक्षेच्या दिवसांत घराघरांत एक वचन भिंतीवर लागतं : यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हांला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत, असं त्यात देव सांगतो. वचन सुंदर आहे. पण ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलमध्ये पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्याच्या एक ओळ आधी, म्हणजे दहाव्या वचनात, देव सांगतो की सुटका सत्तर वर्षांनी होईल. पत्र हातात पडलं तेव्हा जे चाळिशीत होते ते परतायला जिवंतच राहणार नव्हते. त्यांना देव काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

हे मुलांना समजावून सांगा. म्हणजे ते वचन "तुला नव्वद टक्के पडतीलच" अशी हमी म्हणून ती वाचणार नाहीत. हमी म्हणून वाचलं आणि साठ टक्के पडले, तर मुलगा एक तर देवाला खोटं ठरवतो, नाही तर स्वतःला. दोन्ही मी पाहिलं आहे.

पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आशेची वाट सांगतो : संकटातून धीर, धीरातून शील, शिलातून आशा, आणि ही आशा लाजवत नाही. या वाटेत यश कुठे येतं ते शोधून पाहा. ख्रिस्ती माणसाची आशा मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूवर टेकलेली असते, म्हणून ती गुणपत्रिकेच्या आधीही असते आणि नंतरही उरते. इब्री लोकांस पत्रात तिला नांगर म्हटलं आहे, जहाजाला धरून ठेवणारा नांगर. आणि नांगराचं काम वादळातच असतं.

मुलांनी चांगले गुण मागू नयेत असं मी म्हणत नाही. मागावेत. बापाजवळ मूल मागणार नाही तर कुणाजवळ मागणार? फक्त मोठ्यांनी मागताना हे मनात पक्कं ठेवावं की आपण या लेकराला प्रभूच्या हाती देत आहोत. निकालाच्या हाती देत नाही.

पायरी दुसरी : एक वही करा

दोनशे पानी साधी वही घ्या. पहिल्या पानावर शैक्षणिक वर्ष लिहा. मग नावं.

आम्ही पहिल्या वर्षी यादी केली तेव्हा फक्त दहावी-बारावीची मुलं लिहिली. यादी वाचून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आणि खिचडी शिजवणारी शांताबाई शाळेत जात नाही का?" (नाव बदललं आहे.) त्या दिवसापासून वही रुंद झाली. आता तिच्यात कोण कोण असतं पाहा : अंगणवाडी सेविका आणि मदतनीस; शाळेचे शिपाई आणि क्लार्क; पोषण आहार शिजवणाऱ्या बाया; स्कूलबसचे चालक; वसतिगृहाचे रेक्टर; आयटीआयची मुलं; नर्सिंगला गेलेल्या मुली; रात्रशाळेत शिकणारे; तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणारे, ज्यांचं मानधन सहा सहा महिने अडकतं; विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहणारे; डी.एड. करून घरी बसलेले. चाळिशीत टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, पुस्तक हातात घ्यावं लागलेले गुरुजी.

आणि जी शाळेत नाहीत ती. आमच्या पाथर्डी-शेवगावकडून, शेजारच्या बीडकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप कोयता घेऊन निघाले की लेकरंही बैलगाडीत, नाही तर ट्रॅक्टरवर. गावात हंगामी वसतिगृह चाललं किंवा आजी-आजोबा धडधाकट असले तर मूल मागे राहतं; नाही तर पाच-सहा महिने त्याचं दप्तर बंद. आमच्या वहीत यांच्यासाठी वेगळं पान आहे. टोळी कुठल्या कारखान्यावर गेली तेही लिहितो, कारण गाव माहीत असलं की प्रार्थना पत्त्यावर जाते असं मला वाटतं. देवाला पत्ता लागत नाही, आपल्याला लागतो.

वहीचे दोन नियम कडक पाळा. एक : विचारल्याशिवाय कुणाच्या घरातली गोष्ट लिहायची नाही. "बाप पितो", "मुलीचं प्रेमप्रकरण" असं काही वहीत येता कामा नये. "या घरात शांती" एवढं पुरे. दोन : व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर प्रार्थनेच्या नावाखाली मुलाचे गुण, आजार, भांडणं टाकायची नाहीत. प्रार्थनाविनंती म्हणून निघालेली बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीत पोहोचते, आणि ते मूल पुन्हा कुणावर विश्वास टाकत नाही.

पायरी तिसरी : प्रार्थनेला बांधा द्या

पुष्कळांना मोठ्याने प्रार्थना करायला संकोच वाटतो. शब्द सुचत नाहीत, किंवा सुचतात तेच ते. जुन्या उपासनाक्रमांत ज्या छोट्या प्रार्थना आहेत त्यांचा बांधा पाहिला तर हे सोपं होतं. त्यात पाच गोष्टी ओळीने येतात : देवाला हाक; त्याने काय केलं आहे त्याची आठवण; एकच मागणी; ती कशासाठी; आणि येशूच्या नावाने शेवट. ऊसतोडीच्या लेकरांसाठी आम्ही म्हणतो ती प्रार्थना अशी :

"हे देवबापा, तू इस्राएल लोकांना रानात चाळीस वर्षं चालवलंस आणि त्यांच्या लेकरांना विसरला नाहीस. फडावर गेलेल्या आमच्या मुलांचं शिकणं सुटू देऊ नकोस, म्हणजे ती परततील तेव्हा वर्गातली त्यांची जागा त्यांना मिळेल. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

एकच मागणी. हे महत्त्वाचं आहे. "सगळ्या मुलांना आशीर्वाद दे" म्हटलं की नंतर आपण काय मागितलं होतं ते आपल्यालाही आठवत नाही. "सायलीला बीजगणिताची भीती वाटते, ती सोमवारी शिक्षकांना प्रश्न विचारायला उठू दे" म्हटलं की सोमवारी संध्याकाळी सायलीला विचारावंसं वाटतं, "उठलीस का गं?"

मागणीबद्दल एक अडचण सांगते, कारण ती मला स्वतःला फार छळायची. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. "माझ्या मुलाचा नंबर लागू दे" या मागणीच्या पोटात "दुसऱ्या कुणाचा नको लागू दे" हेही असतंच. मग मागावं काय? मला वाट सापडली ती प्रभूच्या प्रार्थनेत. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत "आमची" आहे. आमची रोजची भाकर, आमची पापं, आम्हांला परीक्षेत आणू नको. म्हणून आम्ही आता मागतो ते असं : याने जे वाचलं आहे ते याला आठवू दे, याचं मन शांत राहू दे, याला जिथे जायचं आहे तिथे याच्या हातून लोकांचं भलं होऊ दे, आणि याच्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलाचंही. मुलं हे लगेच उचलतात. एका मुलीने स्वतःहून क्लासमधल्या तिच्याहून हुशार मैत्रिणीसाठी प्रार्थना केली होती. त्या प्रार्थनेनंतर आम्ही मोठी माणसं बराच वेळ गप्प होतो.

देवाशी सौदा मात्र करू नका. "पास झालो तर दर रविवारी येईन" ही वाक्यं मुलांच्या तोंडी आली तर रागावू नका, पण बाजूला घेऊन सांगा की देव कर्ज देणारा सावकार नाही. याकोब म्हणतो तो देव दोष न लावता, हात आखडता न घेता देणारा आहे.

पायरी चौथी : महिन्यांप्रमाणे चाला

_जून._ शाळा उघडतात त्या आठवड्याचा रविवार राखून ठेवा. मुलांनी नवी दप्तरं, शिक्षकांनी हजेरीपट किंवा खडूची पेटी पुढे आणावी. त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला बारा वर्षांचा येशू वाचा. मंदिरात गुरुजनांमध्ये बसून तो त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. देवाचा पुत्र ऐकून शिकला, विचारून शिकला, आणि ज्ञानाने वाढत गेला. प्रश्न विचारणाऱ्या पोराला "गप बस" म्हणण्याआधी मला हे नेहमी आठवतं.

_सप्टेंबर._ ५ तारखेला शिक्षकांना फूल देतातच. त्या आठवड्यात त्यांच्या घरी जा आणि विचारा, "तुमच्यासाठी काय मागू?" पहिल्यांदा "काही नाही, सगळं बरं आहे" असं उत्तर येतं. दुसऱ्यांदा जा.

_दिवाळी ते नाताळ._ टोळ्या निघतात तेव्हा जाणाऱ्या घरांना भेटा. नाताळच्या धामधुमीत बारावीची मुलं गव्हाणीच्या देखाव्याला हात लावायलाही येत नाहीत, कारण पूर्वपरीक्षा तोंडावर असते. त्यांना त्यावरून टोमणा मारू नका.

_फेब्रुवारी-मार्च._ परीक्षेच्या सकाळी लांबलचक प्रार्थना नको. मुलाचं पोट आवळलेलं असतं, नजर घड्याळावर असते. दोन मिनिटं पुरतात. मूल खुर्चीवर बसेल, आई किंवा बाबा शेजारी. तीनदा सावकाश श्वास. मग तेविसावं स्तोत्र एकेक ओळ म्हणायची, आधी मोठ्याने आईने, मागून मुलाने. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणताना घाई करायची नाही. शेवटी एकच वाक्य : "प्रभू, तू हिच्याबरोबर आत चल." आणि मग हॉल तिकीट, कंपास, पाण्याची बाटली बघून निघायचं. दारात "नीट लिही हं, आपली आब्रू तुझ्या हातात आहे" हे वाक्य ज्या घरात म्हटलं जातं त्या घरातली सगळी प्रार्थना त्या एका वाक्याने वाहून जाते.

पेपरमध्ये काही आठवेनासं झालं तर काय करायचं तेही मुलांना आधी सांगून ठेवा : पेन खाली ठेव, पाय जमिनीला टेकव, मनात "येशू" म्हण, पाणी पी, पुढचा प्रश्न घे. रोमकरांस पत्रात आहे की आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हून विनंती करतो. मुलांना याचा फार आधार वाटतो. शब्द सापडले नाहीत तरी प्रार्थना चालूच असते.

आणि कॉपी. खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे पालक आपल्याच बाकांवर बसलेले असू शकतात. त्या दिवसांत आम्ही प्रामाणिकपणासाठी नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत प्रार्थना करतो, आणि पर्यवेक्षणाला गेलेल्या शिक्षकांच्या धैर्यासाठीही. दमदाटी त्यांना सोसावी लागते.

एप्रिल-मेबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

पायरी पाचवी : शिक्षकाने वर्गात प्रार्थना कशी करावी

आपल्यातले पुष्कळ जण जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, इतर संस्थांच्या शाळांत आहेत. तिथे मुलांकडून आपली प्रार्थना म्हणवून घेणं योग्य नाही. संविधानाचं कलम २८ पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही मुलाला उपासनेला बसवायचं तर पालकाची संमती मागतं. हे ख्रिस्ती संस्थांच्या शाळांनाही लागू आहे. मला यात अडचण कधीच वाटली नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात त्याच्या आईबापाला न विचारता शब्द घालायचे नाहीत, ही साधी माणुसकी आहे. येशूनेही प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करायला सांगितली.

मग माझी खोली कोणती? हजेरीपट.

पहिली काही वर्षं मी हजेरी भराभर उरकत असे. साठ मुलांचा पट, पस्तीस मिनिटांचा तास. मग एका वर्षी वर्गातली एक मुलगी सलग नऊ दिवस गैरहजर होती आणि मला दहाव्या दिवशी कळलं की तिचं लग्न ठरवलं जात आहे. नऊ दिवस मी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत होते. हात करत होता, मी करत नव्हते. त्यानंतर मी हजेरी सावकाश घ्यायला लागले. नाव घ्यायचं, वर बघायचं, डोळ्यांत बघायचं, आणि "हजर" ऐकू येईपर्यंत मनात एक शब्द : प्रभू, याला झोप मिळू दे. हिला आज कुणी हसू नये. याने डबा आणलाय का? ओठ हलत नाहीत, कुणाला कळत नाही, कुणाच्या धर्माला धक्का लागत नाही. साठ नावांना चार मिनिटं लागतात. वर्गातला गोंगाटही कमी झाला, कारण आपल्याकडे कुणी तरी खरंच बघतंय हे मुलांना कळतं. आणि गैरहजर मुलाच्या नावाशी थांबलं की संध्याकाळी त्याच्या घरी पाय आपोआप वळतात. त्या मुलीच्या घरी मी मुख्याध्यापकांना घेऊन गेले होते. लग्न त्या वर्षी टळलं.

तुम्हांला जमेल तशा आणखी दोन गोष्टी सांगते. दहा मिनिटं लवकर पोहोचून रिकाम्या वर्गातून एक फेरी मारा, बाकांना हात लावत. आणि वही तपासताना ज्या वहीचा राग येतो ती आधी बाजूला काढा. तिच्या मालकाचं नाव घेऊन मगच लाल पेन उचला.

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी वाचावी. तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये, आपला न्याय अधिक कडक होईल, असं तो म्हणतो. मी वर्गात एकदा एका मुलाला त्याच्या बापाच्या कामावरून बोलले होते. ते वचन वाचताना तो मुलगा माझ्यासमोर उभा राहतो. शिक्षकाच्या प्रार्थनेत कबुली हवीच, आणि शक्य असेल तिथे कबुली त्या मुलापाशी जाऊन द्यायला हवी. मी गेले होते. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता.

पायरी सहावी : हात जोडून झाले की ते कामाला लावा

आमच्या नगरच्या आणि महाराष्ट्राच्या मातीत याची जुनी उदाहरणं आहेत. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली इथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थिनींमधल्या एक बालविधवा गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. त्या प्रार्थनेच्या बाई होत्या हे सगळे सांगतात. पण केडगावात विहिरी खणल्या गेल्या, छापखाना चालला, मुली खिळे जुळवायला शिकल्या, हेही त्याच प्रार्थनेचं अंग होतं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, ते हातावेगळं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आशा कशी दिसते असं कुणी विचारलं तर मी लेक गेल्यानंतरचे ते महिने सांगते.

आपल्याला विहिरी खणायच्या नाहीत. अभ्यासिका मात्र चालवता येते. पुष्कळ घरं एका खोलीची असतात. टीव्ही, स्वयंपाक, पाहुणे, सगळं तिथेच. मंडळीचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतो. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत संध्याकाळी सहा ते साडेनऊ तो उघडा. लागतं ते एवढंच : चांगले दिवे, दोन पंखे, पिण्याचं पाणी, वापरता येईल असं स्वच्छतागृह, आणि रोज पाळीपाळीने बसणारी दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई हवीच. मोबाइल दारातल्या टोपलीत. मुली साडेनऊला एकट्या जाणार नाहीत. कोण कुणाला घरी सोडणार हे फळ्यावर लिहून ठेवा. आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना येऊ द्या. सुरुवातीला आमच्याकडे याला विरोध झाला. तो कसा मावळला हे सांगायला जागा नाही, पण तो मावळला. तिथे प्रार्थनेची सक्ती नाही. साडेनऊला बसलेली दोघं दिवे घालवण्याआधी बाकांकडे बघून एक मिनिट थांबतात, एवढंच.

जुन्या पुस्तकांची पेटी, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक तरुण, गणितासाठी आठवड्यातून दोन तास देणारा कुणी निवृत्त माणूस. हे हळूहळू जमतं. वहीत मागणीच्या समोर एक रकाना ठेवा : "आपण काय करू?" काही मागण्यांपुढे तो रकाना कोराच राहतो. राहू दे.

पायरी सातवी : निकालाचा दिवस आणि त्यानंतरचा सोमवार

निकाल दुपारी मोबाइलवर लागतो. त्या दिवशी आमच्यातले दोघे फोनजवळ असतात. पास झालेल्यांना आम्ही उद्या भेटतो. त्यांच्याकडे आज गर्दी असते. जे राहिले त्यांच्याकडे आजच जातो.

जाताना काय न्यायचं? खाऊ न्या, पेढे नकोत. काय बोलायचं? शक्य तितकं कमी. "देवाची काही तरी योजना असेल" हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका. ते खरं असलं तरी त्या तोंडून, त्या वेळी, ते दगडासारखं लागतं. ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते जमिनीवर बसून राहिले तोवर बरे होते. बोलायला लागले आणि बिघडलं. मूल रडत असेल तर रडू द्या. प्रार्थना करू का, असं विचारा. "नको" म्हणालं तर करू नका, घरी येऊन करा. "हो" म्हणालं तर तेरावं स्तोत्र घ्या. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, किती वेळ? किती वेळ? पवित्र शास्त्रात अशी तक्रार आहे हेच पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं. देवासमोर चांगलं तोंड करून उभं राहावं लागत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं, तर तो पुन्हा मंडळीत येईल.

मुलाच्या बापाशी वेगळं बोला. हात उचलला जाण्याचा धोका त्याच रात्री असतो.

आणि जीव देण्याचे विचार. याबद्दल आडून आडून बोलू नका. मूल फार गप्प असेल, वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हणत असेल, तर सरळ विचारा : "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार मनात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या हलवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे नेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तापाला गोळी देताना आपण प्रार्थना सोडत नाही.

मग येतो सोमवार. रविवारी उपासनेत आता आम्ही कुणाला गुणांप्रमाणे पुढे बोलावत नाही. ज्या ज्या मुलांनी वर्षभर शिक्षण घेतलं ती सगळी, पास-नापास न विचारता, पहिलीतल्यापासून पुढे येतात. सोमवारी कामाला लागायचं. दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, हे निम्म्या पालकांना माहीत नसतं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन यांच्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात. पुरवणी परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरायचे असतात, आणि नापास मुलाला शाळेच्या ऑफिसात एकट्याने जायची लाज वाटते. त्याच्याबरोबर जा. रांगेत उभे राहा. माझ्या मते शिक्षणासाठी केलेली सगळ्यात मोलाची प्रार्थना त्या रांगेत होते.

तो बारावा मुलगा पुढे चाकणच्या एका कारखान्यात लागला. अजून दोन विषय राहिलेलेच आहेत. दरवर्षी नवी वही केली की पहिलं नाव त्याचं लिहिते. मागच्या नाताळात तो आला होता, बायकोला घेऊन. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "बाई, मला तर आठवतही नाही." त्याच्या आईला आठवत होतं, तिने माझा हात धरून ठेवला.

सोमवारी निघण्याआधी आम्ही म्हणतो ती प्रार्थना देते. तुमच्या बोलीत बदलून घ्या :

"हे प्रभू येशू, तुझे शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतले तेव्हा तू किनाऱ्यावर उभा होतास, आणि तू त्यांच्यासाठी विस्तव करून ठेवला होतास. आज ज्यांची जाळी रिकामी आहे त्यांच्या दारात आम्ही जात आहोत. आमच्या आधी तू तिथे जा. आम्हांला कमी बोलू दे. जे लेकरू आज दार उघडणार नाही त्याच्या दारात उद्या पुन्हा जायला आम्हांला बळ दे. आमेन."